पारसनीसकाकांची पोर्तुगीज चावी

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकून मी ओला आणि सुका असे दोन डबे घेऊन बनियनवरच खाली धावलो आणि मागे दार खट्कन लागलं. चावी आत. बायको सकाळच्या शाळेत शिकवायला गेलेली. त्या वर्षातली ही माझी तिसरी खेप.

आमच्या तुकोगंजच्या इमारतीत यावर एकच इलाज आहे, तळमजल्यावरचे पारसनीसकाका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. चौदाही बिऱ्हाडांची एकेक जादा चावी त्यांच्याकडे असते. बैठकीत हिरवी फळी, तिच्यावर चौदा खिळे, प्रत्येक खिळ्याखाली रेखीव अक्षरात नाव. चावी हमखास मिळते. फक्त लगेच मिळत नाही.

"चावी ना? देतो. पण भिया, चावी म्हणजे काय?" काका म्हणाले. आमच्या गावात भैयाचं भिया होतं.

"काका, हातात डबे आहेत."

"मग ठेवा ना बाजूला. मुळाशी चला."

'मुळाशी चला' म्हणाले की समजायचं, बसावं लागणार. मी बनियनवर सोफ्यात बसलो.

"चावी आपली नाही. जहाजातून आली. पोर्तुगीज लोक आज तिला 'शाव' म्हणतात. पण पूर्वी तेसुद्धा 'च'च म्हणायचे! त्यांनी घालवला, आपण जपला. आहे की नाही? तिची आई लॅटिन, क्लाविस. तिच्या बाकीच्या मुली बघा. इटलीत क्यावे, स्पेनमध्ये यावे. फ्रेंचांनी शेपूटच छाटलं, नुसतं क्ले."

"आणि जर्मन?" मी विचारलं. दाराबाहेर अडकण्यापेक्षा ही चूक मोठी होती. जर्मनला वीस मिनिटं लागली. तिकडे श्लुसेल म्हणतात, तो बंद करण्यावरून आलेला शब्द, दिसायला परका. पण फार फार मागे गेलं तर तोही याच घराण्यातला निघतो म्हणे. एवढं कळल्यावर मला माझ्या घरी जायला मिळालं.

माझी बायको किल्ली म्हणते. तिला काका फक्त एवढंच म्हणाले, "वहिनी, ती आपली घरचीच. तिला कोण विचारतो?"

तिसऱ्या मजल्यावरचे शर्माजी स्कूटरवरून पडले आणि त्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हा काका संत्री घेऊन दवाखान्यात गेले. "शर्माजी, ये हड्डी नहीं है. क्लाविकुला, छोटी चावी! लॅटिन में नाम ही यही है."

शर्माजी कण्हत म्हणाले, "दर्द तो काका, बड़ी चावी का हो रहा है."

एवढ्या भाषा यांना कुठून आल्या, ते बायकोनेच काढून घेतलं. काकांची मुलगी मुग्धा लिस्बनला असते. जावई तिकडचाच. नात लारा, पाच वर्षांची. काकू गेल्यापासून काका एकटे, आणि दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल. लाराला मराठी येत नाही, काकांना पोर्तुगीज येत नाही. ती 'ओला' म्हणते, म्हणजे त्यांचा नमस्कार, हात हलवते आणि पळते. एकदा ती खेळण्यातली किल्ली नाचवत 'शाव, शाव' ओरडत होती. काकांनी मुग्धाला तो शब्द लिहून दाखवायला लावलं, तर स्पेलिंग 'चावे' असं निघालं, आणि त्या दिवसापासून हे सगळं सुरू झालं.

"डिसेंबरात येतायत," ते बायकोला म्हणाले. "आठच दिवस. एक शब्द दोघांचा आहे, वहिनी. तेवढ्यावर तरी बोलली पाहिजे ती माझ्याशी."

डिसेंबरात ते आले. चौथ्या दिवशी आम्हाला चहाला बोलावलं. काकांनी मोठ्या कागदावर रंगीत पेनांनी चावीची वंशावळ काढून ठेवली होती, वर लॅटिन आणि खाली सगळ्या लेकी. लाराने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ती टेबलाखाली बसून शेव खात होती.

"काही जमलं का?" मी हळूच विचारलं.

"ओलाच्या पुढे गाडी नाही, भिया." कागदाची सुरळी करून त्यांनी ती कपाटामागे ठेवून दिली.

आमचा चहा चालला होता. लारा बाहेर आली, खुर्चीवर चढली आणि फळीवरची एक चावी काढून काकांच्या नाकासमोर धरली. "शाव."

काकांनी तोंड उघडलं. आता लॅटिन येणार म्हणून मी कप खाली ठेवला. पण लॅटिन आलं नाही.

"चावी," काका म्हणाले.

त्या 'च'वर पोरगी खदखदून हसली. "शाव!"

"चावी!"

तिने दुसरी काढली. मग तिसरी. दर चावीला तेच, आवाज मात्र चढत गेला. चौदावी संपली तेव्हा ती काकांच्या मांडीवर होती आणि इमारतीच्या सगळ्या चाव्या सतरंजीवर ढीग होऊन पडल्या होत्या.

"बाबा! सगळ्या मिक्स झाल्या!" मुग्धा ओरडली.

"होऊ दे गं."

मग लाराने त्या परत टांगल्या, तिच्या मनाला येईल त्या खिळ्यावर. उरलेले चारही दिवस हाच खेळ चालला.

मंडळी परत गेली. मागच्या रविवारी आम्ही दोघं काकांकडे डोकावलो. फळी तशीच होती. मी म्हटलं, "काका, द्या इकडे, एकेका दाराला लावून बघतो. तासाभराचं काम."

"कशाला?" काका फळीच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभे राहिले. "तिने लावल्यात तशा राहू देत. ज्याला हवी त्याने चौदाही न्याव्यात, लावून बघाव्यात, आणि परत तशाच टांगाव्यात. कुठली कुठे होती, त्याची मी यादी केलीय."

शर्माजींचं दार नवव्या चावीने उघडलं म्हणतात. कुणी तक्रार केलेली नाही.

घरात आल्यावर बायको पदराने चष्मा पुसत म्हणाली, "आज रविवार आहे. बेंगळुरूला मुलाला फोन लावा. आणि 'घे, आईशी बोल' म्हणून लगेच माझ्या हातात देऊ नका."