तारकर्ली, मालवण आणि तिसरं कोटेशन

मी आज जो काही आहे, त्यात सगळ्यात मोठा वाटा उत्तमराव साळवे यांचा आहे. आईवडिलांचे उपकार आहेतच, पण त्यांना विचारलं तर तेही आधी साळवेकाकांचंच नाव घेतील. आणि हे साळवेकाका तीन कोटेशनं घेतल्याशिवाय कोथिंबीरसुद्धा विकत घेत नाहीत.

काका एका सरकारी कार्यालयात भांडार विभागात कारकून होते. टेबल घ्यायचं असो की टाचण्या, तीन दुकानदारांकडून कोटेशन मागवायचं, तिन्हींचा तुलनात्मक तक्ता करायचा, सगळ्यात कमी दराचा, म्हणजे 'लोएस्ट', निवडायचा, साहेबांची सही घ्यायची आणि मगच खरेदी. निवृत्तीच्या दिवशी खुर्ची कार्यालयात राहिली, सवय मात्र काकांच्या मागोमाग सिडकोतल्या घरी आली. भाजीबाजारात ते तीन गाड्यांवर थांबतात. तीन जुड्या हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतात, वास घेतात, मुळं बघतात. सगळा विचार करून पहिल्या गाडीवर परत येतात, तर तिथली कोथिंबीर संपलेली असते. मग काका रिकामी पिशवी झटकतात आणि म्हणतात, "फेरनिविदा." म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मलाही त्यांनी असाच निवडला. माझे वडील लासूर स्टेशनच्या मोंढ्यात धान्याची पोती उचलणारे हमाल. बारावीनंतर मला शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पण राहायची सोय नव्हती. काकांच्या गच्चीवर एक खोली होती आणि ती मागायला आम्ही तीन मुलं आलो होतो. तिघांना ओळीनं ओट्यावर बसवून काकांनी प्रश्न विचारले. बाकीचे दोघं भडाभडा बोलले. मला घाम फुटला होता, मी फक्त "व्हय" आणि "नाय" म्हणालो. काकांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बोट केलं.

"शब्दांत तू लोएस्ट. खोली तुला."

पहिल्याच वर्षी मी गणितात नापास झालो. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला वाटलं, आपली हद्द संपली. मी पिशवी भरली आणि खोलीची किल्ली द्यायला खाली आलो. काका गहू निवडत होते. त्यांनी किल्ली घेतली नाही. म्हणाले, "एकदा कोटेशन नामंजूर झालं म्हणून खरेदी रद्द होत नसती. फेरनिविदा काढायची. जा वर, पिशवी रिकामी कर." मी वर गेलो. पुढं पास झालो, पदवी घेतली, शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. खोली मात्र सोडली नाही.

आता स्कुबाचं सांगतो, कारण त्याशिवाय काका पुरे होत नाहीत.

आमच्या भागात नळाला आठवडा आठवडा पाणी येत नाही. अशा गावात राहून काका समुद्राच्या तळाशी जायची तयारी करत होते. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच लावून माशांमध्ये उतरायचं, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं. ज्या दिवशी पाणी येई, त्या दिवशी सगळा मोहल्ला हंडे, बादल्या, टिपाडं भरायच्या घाईत असे, आणि काका भरलेल्या टिपाडात डोकं घालून श्वास रोखायचा सराव करत. शेजारच्या शकीलाभाभी कंपाउंडवरून ओरडायच्या, "साळवेभाऊ, डुबना है तो नहाने के पानी में डुबो, वो पीने का है!" काका डोकं वर काढून मिशीतलं पाणी निथळत गंभीरपणे सांगत, की सराव स्वच्छ पाण्यातच करावा लागतो.

तयारी अशी जय्यत, पण जायचं कुठं ते ठरत नव्हतं. त्यांच्या फाईलमध्ये तीन नावं होती: मालवण, तारकर्ली, देवबाग. कोकणातून कुणी जाऊन आलं की काका त्याला ओट्यावर बसवून चहा पाजत आणि उलटतपासणी घेत. वाळू कशी आहे, पाणी किती नितळ, उतरायला शिडी आहे का, जेवणात तिखट किती. तक्त्यात नवी ओळ चढे. दर दिवाळीला निर्णय जवळ येई आणि दर दिवाळीला काका म्हणत, "मुद्दे समसमान हायेत. फेरनिविदा."

एकदा त्यांच्या कार्यालयातले जुने सहकारी गायकवाड मुलासोबत तिकडं जाऊन आले. ते हसत म्हणाले, "अरे साळवे, ही तिन्ही गावं एकमेकांना लागून हायेत. कुठूनबी बोटीत बस, ती त्या एकाच खडकापाशी नेती. कशाला डोकं फोडतो?"

काकांचा चेहरा पडला. "लेखी आहे का?" एवढंच त्यांनी विचारलं. गायकवाड आणखी हसले. त्यानंतर काका सकाळी फिरायला गायकवाडांच्या गल्लीतून जाईनासे झाले. लांबचा वळसा घेऊन दुसऱ्या रस्त्यानं जात. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस तीस वर्षांची दोस्ती तोडतो, याचं मला नवल वाटलं आणि थोडं हसूही आलं.

गेल्या वर्षी काकांच्या छातीत कळ आली. मी त्यांना दवाखान्यात नेलं. अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी पथ्यं सांगितली, काही विचारायचं आहे का म्हणाले. काकांनी स्कुबाचं विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. काका मला घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडं गेले, मग तिसऱ्या. तिसऱ्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझा हात धरला, तो त्यांनी आधी कधी धरला नव्हता.

"तिन्ही कोटेशनं सारखीच आली रे, मिलिंद," ते म्हणाले.

त्या दिवसापासून फाईल कपाटावर पडून राहिली. टिपाडात डोकं घालणं बंद झालं. शकीलाभाभींनी मला गुपचूप विचारलं, की मी बोलले त्याचा भाऊंना राग तर नाही ना आला. घर एकदम शांत झालं होतं. मला वाटलं, यावर उपाय सोपा आहे. एका रविवारी मी काकांना म्हणालो, पाण्यात नाही तर नाही, किनाऱ्यावर तर बसता येईल. आपण दोघं जाऊ. तुमच्यानं ठरत नसेल तर मी ठरवतो. तारकर्ली.

काकांनी भिंतीकडं पाहिलं. तिथं बाबासाहेबांच्या तसबिरीखाली कमलकाकूंचा फोटो आहे. काकू मी यायच्या आदल्या वर्षी गेल्या, मी त्यांना पाहिलेलं नाही.

"तारकर्ली तिचं कोटेशन हाय," काका म्हणाले. "मालवण माझं."

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. काकू अजिंठ्याकडच्या. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या आणि नंतर डबा सोडून अशा बुडी मारायच्या, की गावात कुणाची घागर विहिरीत पडली की कमलला हाक जायची. लग्न होऊन शहरात आल्या आणि बादलीभर पाण्यावर संसार करत राहिल्या. टीव्हीवरचा तो कार्यक्रम दोघांनी मिळून पाहिला होता. काकू म्हणाल्या, विहिरीचा तळ लई वेळा पाहिला, समुद्राचा पाहायचा राहिला. त्या पडद्यावरची पांढरी वाळू पाहून त्यांनी तारकर्ली धरली. काकांनी मालवण धरलं. का, तर रोज सकाळी चहासोबत भांडायला काहीतरी हवं म्हणून. काकू मालवण म्हणाल्या असत्या तर ते तारकर्ली म्हणाले असते. देवबाग नियमापुरतं, तीन पुरी करायला. जाऊ जाऊ म्हणताना एका वर्षी घराची गच्ची गळली, एका वर्षी काकूंची साखर वाढली, आणि मग एका दुपारी काकू वाद अर्धाच टाकून गेल्या.

"अजून बी चहा टाकला की मी मालवणचा एक मुद्दा मांडतो," काका म्हणाले. "मग तिचा बी मीच मांडतो. ती काय म्हणली असती, ते मला पाठ हाय. निकाल लागला की फाईल रेकॉर्डला जाती, मिलिंद. रेकॉर्डची फाईल पुन्हा कोण उघडतं?"

मला गायकवाडांचं हसणं आठवलं, आणि माझंही.

हिवाळ्यात कंपनीतल्या मित्रांनी मालवणची सहल काढली. मी काकांना चला म्हणालो, ते नाही म्हणाले. पण निघायच्या दिवशी कपाटावरची फाईल खाली आलेली दिसली. तिच्यावरची धूळ पुसलेली होती. काकांनी मला दारापर्यंत पोचवलं आणि बजावलं, "सगळं नीट बघ. अन् लेखी कळव. फोनवर सांगू नको, फोनचं तक्त्याला जोडता येत नाय."

मी समुद्र पहिल्यांदाच पाहत होतो. मालवणहून बोटीत बसलो. बोट किल्ल्याजवळच्या खडकांपाशी थांबली. तारकर्लीहून आलेल्या बोटीही तिथंच थांबलेल्या होत्या. गायकवाडांचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी रिक्षानं तारकर्लीला गेलो, वाळूत बसलो. परतायला अर्धा दिवस बाकी होता. रिक्षावाला म्हणाला, देवबाग इथंच पुढं आहे, चला दाखवतो. मी नको म्हणालो. त्याला मालवणात पोस्टासमोर थांबायला सांगितलं आणि तिथल्या बाकावर बसून हे पत्र लिहिलं.

प्रति,
मा. उत्तमराव साळवे, सिडको
विषय: स्थळ पाहणी अहवाल
संदर्भ: आपला तोंडी आदेश

तीर्थरूप काकांस सा. नमस्कार.

मी पाण्यात उतरलो. भीती वाटली. शिकवणाऱ्याने पाठीमागून धरलं होतं, तरी घागर बुडावी तसा गेलो. खाली आपल्याच श्वासाचा आवाज येतो, दुसरं काही नाही. निळे, पिवळे मासे अगदी हाताशी येतात. तळ दिसला. मी तो जरा जास्त वेळ पाहिला, आपल्या घरातल्या सगळ्यांच्या वतीने.

मालवणबाबत आपलं म्हणणं बरोबर आहे. एसटी स्टँड जवळ आहे, जेवण चांगलं आहे. तारकर्लीबाबत काकूंचं म्हणणंही बरोबर आहे. वाळू टीव्हीत दिसते त्याहून पांढरी आहे. थोडी रुमालात बांधून आणत आहे, ती काकूंच्या बाजूने तक्त्याला जोडावी.

देवबाग पाहणं झालं नाही. त्यामुळे दोनच कोटेशनं प्राप्त आहेत आणि नियमानुसार निर्णय घेता येत नाही.

सबब, फेरनिविदा काढण्यात यावी, अशी शिफारस आहे. हे पत्र हाती पडेल त्या सकाळी चहाला थांबा. काकूंचे मुद्दे मी मांडीन.

आपला,
मिलिंद