खिडकीचे पैसे

डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, हवा सोडली आणि सांगितलं, "नाखवा, प्रेशर एकशे साठ आहे." इनास नाखवा म्हणाले, "एकशे चालीस करा." डॉक्टर म्हणाले, हे कमी-जास्त करणं माझ्या हातात नाही. नाखवा उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "बरा, एकशे पंचेचालीस. आता तुमी पन खेचू नका."

हे मला त्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितलं आणि मी लगेच विश्वास ठेवला. कारण चर्चमध्ये कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला गेल्यावर फादरांनी प्रायश्चित्त म्हणून दहा 'नमो मारिया' म्हणायला सांगितल्या, त्या आपण सहावर आणल्या, हे नाखवांनीच मला एकदा अभिमानाने सांगितलं होतं. पोस्टात तिकिटावर छापलेली किंमत ते 'बोलायची किंमत' समजत. सौद्याचा त्यांचा नियम एकच: तीनदा उठायचं. पहिल्यांदा उठल्यावर समोरचा हसतो, दुसऱ्यांदा घाबरतो, तिसऱ्यांदा कमी करतो. पोस्टातला बाबू तिन्ही वेळा हसला, म्हणून नाखवांनी त्याला कायमचा अडाणी ठरवून टाकला.

नाखवा पाचूबंदरच्या कोळीवाड्यातले. पासष्टी ओलांडली तरी स्वतःची होडी स्वतः काढायचे. त्यांची बायको कार्मेलीनबाय एव्हरशाईन सिटीत माझ्या गाळ्याच्या पायरीवर मासळीची पाटी घेऊन बसायच्या. आता माझा गाळा म्हणजे टूर्स अँड ट्रॅव्हल्सचा, दहा बाय बाराचा, आत पंखा, भिंतीवर काश्मीर. आणि दारात बोंबील. गिऱ्हाईक यायचं ते नाकाला रुमाल लावून. मी कितीदा सांगितलं, "कार्मेलीनबाय, जरा तिकडे सरकून बसा." त्या म्हणायच्या, "सरकते," आणि तिथेच बसायच्या. शिवाय यायची वेळ नक्की नाही. कधी आठला, कधी दहाला. बिल्डिंगमधल्या बायका पिशव्या घेऊन माझ्या दारात ताटकळायच्या आणि उशीर का म्हणून मलाच विचारायच्या, जणू मीच मासे धरायला गेले होते.

त्या वर्षी एका कंपनीने मला समुद्रसहलीची एजन्सी दिली. मुंबई ते गोवा आणि परत, तीन रात्री. तोवर मी शिर्डी आणि अष्टविनायक विकत होते. क्रूझ हा शब्द उच्चारायलासुद्धा मला आठवडा लागला. पण कंपनीने एक भलंमोठं चित्र पाठवलं, पांढरीशुभ्र बोट, ते मी काश्मीरवर चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कार्मेलीनबाय पाटी उचलून गेल्यावर, नाखवा आत आले आणि चित्रासमोर उभे राहिले.

"ही कोनाची?"

"क्रूझ आहे, नाखवा. गोव्याला जाते आणि परत येते."

"मासली?"

"मासळी धरत नाहीत."

"मग जातात कशाला?"

ह्याचं उत्तर कंपनीच्या माहितीपुस्तिकेत नव्हतं. मी म्हटलं, लोक हौसेने जातात, नुसता समुद्र बघायला. "दोघांचे किती?" म्हणत नाखवा खुर्चीत बसले ते पुढचे तीन आठवडे रोज दुपारी बसले. माझ्या झोपेच्या वेळेचं वाटोळं झालं.

दर माणशी होता, पण एका खोलीत दोघं धरून. "माझी बायको साडेचार फूट हाय," नाखवा म्हणाले. "बारा वर्षांच्या पोराला अर्धे बोललीस ना? तिला पन अर्धे लाव." मी सांगितलं, वय बघतात, उंची नाही. नाखवा उठले, परत आले. मग बंदराचा आकार निघाला. "बंदराचे पैसे? बंदर काय त्यांच्या बापानं बांधला?" मग वेटरांची बक्षिसी, जी आधीच सक्तीने भरायची. त्यावर ते म्हणाले, "खूश व्हायच्या आधी खुशी द्यायची?" डिझेल महागलं म्हणून माणशी जास्तीचे लावले होते, ते मी भीतभीत सांगितले. इथे मात्र नाखवांचे डोळे पाणावले. "खरा हाय. डिझेल लय झालाय. ते बिचारे तरी काय करतील." सगळ्या दरपत्रकात ही एकच ओळ त्यांनी घासाघीस न करता मान्य केली.

मग खोल्या. खिडकीवाली महाग, बिनखिडकीची स्वस्त.

"खिडकीतून काय दिसतंय?"

"समुद्र."

"दर्या बघायचे जास्त पैसे?" नाखवा इतके हसले की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला. "मना तर तो बघायचा कंटाला आला म्हनून पैसे कमी कर. पोटातली खोली दे, इंजिनच्या बाजूची. मना त्याच्या आवाजाबिगर झोपच येत नाय." आणि इंजिनाच्या आवाजाची तक्रार करणार नाही असं लिहून दिल्यास किती सूट, हे कंपनीला फोन करून विचारायला लावलं. मी विचारलं. मला त्या फोनची अजून लाज वाटते.

शेवटी अनामत रक्कम. इथे स्फोट होणार, ह्याची मला खात्री होती. म्हणून मी आधीच गोड बोलून ठेवलं. "नाखवा, दोन दर आहेत. थोडे जास्त भरले तर पंधरा दिवस आधीपर्यंत रद्द करता येतं, अनामत परत. तुम्ही तेच घ्या."

"आनि कमीवाल्यात?"

"कमीवाल्यात परत नाही. एकदा भरले की गेले."

"अजिबात नाय?"

"नाही."

"कोन रडत आला तर?"

"नाही."

"फादरची चिठ्ठी आनली तर?"

"नाही, नाखवा. पोपची आणली तरी नाही."

नाखवांनी खिशातून रबर लावलेल्या नोटा काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. "तोच दे. आनि पावतीवर मोट्या अक्षरांत लिव. लाल शाईनं."

मी बघतच राहिले. सहा नमो मारियांवर सौदा पटवणारा माणूस, परत न मिळणारे पैसे आपणहून भरतोय. मी म्हटलं, नाखवा, प्रेशर बघून आलात का?

"उद्या कार्मेलीन येईल पैसे परत मागायला," ते म्हणाले. "आमच्या घरात बाईमानसानं होडीत पाय ठेवायचा नाय. आये बोलायची, आयेची आये बोलायची. लगीन होऊन चालीस वर्सं झाली, दर्याची मासली इकते, पन दर्यावर कदी गेली नाय. नुसती रेतीत उभी र्‍हाते. इचारला तर नाय बोलेल. पन पैसा वाया गेलेला तिला बघवत नाय. परत मिलनार नाय म्हंजे ती येनार."

मी पावती फाडली. नाखवा उठले, दारापर्यंत गेले, परत आले. पुन्हा उठले, परत आले. मी म्हटलं, आता काय कमी करू? तिसऱ्यांदा परत आले तेव्हा ते माझ्याकडे न बघता चित्राकडे बघत म्हणाले, "ती खिडकीवालीच कर." आणि वरचे पैसे ठेवून गेले. मला त्या क्षणी त्या माणसाची इतकी माया आली की बोंबलांचा वाससुद्धा माफ करून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्मेलीनबाय पाटी बाहेर तशीच ठेवून ओल्या हातांनी आत आल्या. हातात पावती. खुर्चीत बसल्या. मी लाल अक्षरांवर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट उचलून बाजूला ठेवलं.

"निम्मे दे."

"नाही मिळत."

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. तेव्हा मला कळलं की नाखवा ही विद्या कुठे शिकले.

"बरा, माजे एकटीचे दे. तो एकटा जाईल."

"एकटं गेलं तरी खोलीचे दोघांचे भरावे लागतात, कार्मेलीनबाय. तसा नियम आहे."

"एकटा झोपला तरी दोघांचे?"

"हो."

त्या पुन्हा उठल्या, दारापर्यंत जाऊन परत आल्या. "घोरतो पन दोघांइतका. कंपनी बरोबर बोलते." त्या तिसऱ्यांदा उठल्या, पण या वेळी दाराशी जाऊन थांबल्या. आवाज एकदम खाली आला. "मी पाय ठेवलेला चालेल का गो, बाय? काय वाइट नाय ना व्हनार?"

चाळीस वर्षं त्या बाईने आपलं पाऊल नवऱ्यावर संकट आणेल म्हणून वाळूच्या पुढे टाकलं नव्हतं. मी म्हटलं, "ती मासे धरायची बोट नाही, कार्मेलीनबाय. नुसती फिरायची."

"हां, मासली धरत नाय," त्या म्हणाल्या. "मग तिला काय कलनार." आणि माझ्या टेबलावर दोन बांगडे ठेवून गेल्या, थेट माहितीपुस्तिकेवर.

दोघं गेली आणि आली. नाखवांनी म्हणे कप्तानाला गाठून तासाला डिझेल किती जातं ते विचारलं आणि आकडा ऐकून त्याच्यासाठी छातीवर क्रूस काढला. कार्मेलीनबायचं जेवणाबद्दल मत वाईट होतं, बोटीवरची मासळी आठ दिवस बर्फातली. "मी इकली असती तर लोकांनी मारला असता." पण त्यांचं तोंड फुगलेलं होतं ते नुसत्या मासळीपायी वाटेना. मी विचारलं, खिडकी कशी होती?

"खिडकीनंच घात केला," त्या म्हणाल्या. "हा म्हातारा लगीन झाल्यापासून मना सांगतो, अर्नाल्याचा किल्ला येईपर्यंत तुजा लाल लुगडा होडीतून दिसतो. म्हनून मी उभी र्‍हायची. पोर कडेवर असला तरी उभी, उन्हात उभी. बाजाराला उशीर झाला तरी उभी. आता बोट सुटली तवा धक्क्यावर लाल टोपीवाला एक जन होता, मी त्याला धरून बघत बसले. दहा नमो मारिया व्हायच्या आत गेला. टोपी नाय, मानूस नाय, काय नाय. चालीस वर्सं खोटा बोलला." तीन दिवस बोटीवर त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. घोरला तरी उठवलं नाही, ही तर शिक्षेची हद्द.

त्याच दुपारी नाखवा आले. खुर्चीत बसले नाहीत.

"बाय, खिडकीचे पैसे परत मिलतील?"

"नाखवा, प्रवास झाला. आता कसले परत?"

"अनामत नको. नुसते खिडकीचे. खिडकी लय मोटी व्हती. सगला दिसला तिला." ते उठल्यासारखे दाराकडे गेले, परत आले. "पोटातली खोली घेतली असती तर बरा झाला असता. मी आधी तीच बोललेलो."

मी विचारलं, "खरंच दिसायचं नाही लुगडं?"

"नाय गो. तिवरांच्या पुढं गेला की किनारा म्हंजे एक रेघ. त्यात मानूस कुठला दिसायला." त्यांनी चित्रातल्या बोटीवर बोट फिरवलं. "पन ती उभी हाय हे ठाव असला की मागं बघायला बरा वाटायचा. म्हनून सांगितला. आता काय, आता ती नाय थांबायची."

नियम नियम असतो. मी पैसे परत देऊ शकत नव्हते. नाखवा दुसऱ्यांदा उठायचं विसरून तसेच निघून गेले, आणि त्यांना असं सौदा अर्धवट टाकून जाताना मी पहिल्यांदाच बघितलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी नाखवांनी होडी काढली. आठ वाजले, नऊ वाजले, बिल्डिंगमधल्या बायका पिशव्या घेऊन माझ्या दारात कुरकुरायला लागल्या. दहाला कार्मेलीनबाय रिक्षातून उतरल्या, लुगड्याच्या काठाला ओली रेती. पाटी मांडली. बायकांनी उशीर का म्हणून विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोंबलावरचं फडकं बाजूला केलं.

"किल्ला यायला वेल लागतो गो," त्या म्हणाल्या.