पाणमांजराचं सुतक

‘इथे गुन्हेगाराच्या मनाचा केस न् केस विंचरला जातो. तोकुजिरो कुरुमादा, खासगी गुप्तहेर. या नजरेतून वाचलेला माणूस अजून जन्माला यायचाय.’

ही पाटी तोकुजिरोंनी स्वतः रंगवून स्वतःच्याच सलूनच्या दारावर ठोकली होती. पाटीखाली त्यांच्या बायकोने, किकुनोने, खडूने लिहिलं होतं, ‘दाढी-कटिंगही चालू आहे.’ मिसागीजिमा बेटावरची माणसं खडूचं वाचून आत येत आणि खुर्चीत बसली की पाटीवरचं ऐकत. गळ्याशी वस्तरा असल्यामुळे कोणी मधे उठून जात नसे.

शुहेई हा किकुनोचा धाकटा भाऊ. चार दिवस बहिणीकडे हवापालट म्हणून आला होता, त्याला आता सात वर्षं झाली. दाजींनी त्याला परस्पर साहाय्यक नेमला. म्हणजे जमिनीवरचे केस झाडायचे, भिंग पुसायचं आणि दाजी ‘शुहेई, तुझ्या लक्षात आलं का?’ असं म्हणाले की ‘नाही बुवा, दाजी,’ म्हणायचं. आणखी एक काम होतं, ते म्हणजे हरवलेला कंगवा शोधणं. दाजी वाचता वाचता उठले की खूण म्हणून हाताला लागेल ते पानात कोंबत. पेपरात शुहेईला कधी कंगवा सापडे, कधी पायमोजा, एकदा तर सुकी तारली सापडली होती.

त्या गुरुवारी सलूनमध्ये इवामीबाई शिरल्या. वय सत्तरीच्या पुढे. जन्मभर धक्क्यावर बोटीची तिकिटं फाडली आणि निवृत्त झाल्यावर कोणाला काही न सांगता मुलांची कादंबरी लिहून मोकळ्या झाल्या. ‘सात धबधब्यांची वाट’ तिचं नाव. हायाते नावाचं पाणमांजर, एक भित्रं रानडुक्कर आणि एक आंधळं घुबड कोल्ह्यांच्या राणीशी लढायला निघतात, अशी गोष्ट. टोक्योच्या प्रकाशकाने छापली, तेव्हा अख्खं बेट आठवडाभर ताठ मानेने फिरत होतं.

“तोकुजिरो,” बाई म्हणाल्या, “ती पाटी खरी आहे का रे?”

“बाई, पाटी कमीच सांगते. मी विनयशील माणूस आहे.”

“मग बस आणि ऐक. गावात मला खुनी म्हणताहेत.”

तोकुजिरोंनी गिऱ्हाईकाचा अर्धा गाल साबणात सोडला आणि खुर्ची ओढली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या सलूनमध्ये खून आला होता.

“कोणाचा खून?”

“हायातेचा. पाणमांजराचा.”

दाजी एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. शुहेईला वाटलं, बाहेर कोणी संशयित दिसला असेल. बाहेर फक्त सलूनची काळी मांजर, सुमी, अंग चाटत बसली होती.

बाईंनी सांगितलं ते असं. वाचनालयात अभिप्रायांचा फळा आहे. पुस्तक वाचलं की मत लिहून टाचायचं. या पुस्तकाबद्दलच्या अभिप्रायांनी फळा भरून गेला होता आणि सगळ्यांचा सूर एकच. शुहेईने नंतर जाऊन ते वाचले, तेव्हा त्यालाही बाईंसाठी वाईट वाटलं.

‘सुरुवात छान आहे. पण हायाते धबधब्यात पडून मरतो आणि त्याचे मित्र लगेच अळंबीचं सार ओरपतात. सुतकाचा एकोणपन्नासावा दिवस तरी होऊ द्यायचा. आयूमी, चौथी.’

‘लेखिकेला काळीज नाही. नाव देत नाही, पण मी पोस्टात खिडकीवर बसते.’

‘शेवटी एक नावाडी उगाच येतो, हसतो आणि जातो. तो कोण, कुठला, काही पत्ता नाही. असल्या माणसाला आम्ही बंदरात बोट लावू देत नाही. गोनझो हामागुची, अध्यक्ष, मच्छीमार संघ.’

“अरे, मी मारलंच नाही त्याला!” बाईंचा आवाज चढला. “पडतो, पण वाचतो. कोल्ह्यांना चुकवायला नावाड्याचं सोंग घेतो. मित्रांना ते कळतं, म्हणून तर ते जेवायला बसतात! मी हे सांगितलं, तर म्हणतात, ‘हो हो आजी, आमच्या मनात तो जिवंतच आहे.’ पोरांनी ओढ्याकाठी त्याचं थडगं बांधलंय, तोकुजिरो. भाताचे मुटके ठेवतात रोज. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. मासळीवाली काल म्हणाली, ‘तुम्हाला कालचा बांगडा चालेल ना, तुमचं काळीज घट्ट आहे.’”

अर्ध्या गालाच्या गिऱ्हाईकाने मान खाली घातली. त्याचाही एक अभिप्राय फळ्यावर होता.

“रविवारी वाचकांची बैठक आहे,” बाई म्हणाल्या. “मला बोलावलंय, जाब विचारायला. तोवर उलगडलं नाही, तर मी दुपारच्या बोटीने लेकीकडे ओसाकाला जाते, कायमची. आणि दुसरा भाग अर्धा झालाय, तो न्हाणीच्या बंबात घालून जाते.”

“बाई, तुमच्याकडचं पुस्तक दाखवा म्हणजे झालं,” शुहेई म्हणाला.

“माझ्याकडे कुठलं? होती नव्हती ती नातेवाइकांनी नेली. बेटावर एकच प्रत आहे, मी वाचनालयाला दिलेली. तीच सगळ्यांनी वाचली.”

तोकुजिरोंनी हात वर केला. “शुहेई, साध्या प्रश्नांनी तपास बिघडतो. आधी प्रत जप्त कर.”

वाचनालयातून प्रत आणली. शुहेईने दिवसभर बसून ती वाचली आणि नाक ओढत बाहेर आला.

“दाजी, मेलाय हो तो. हायाते पाण्यात पडला आणि पान उलटलं तर ते सार पितायत!”

“मला सांगू नकोस,” दाजी तुटकपणे म्हणाले. “मी पुस्तकं वाचत नाही. मी त्यांची चौकशी करतो.”

मग त्यांनी चौकशी केली. पुस्तक मिटलेलं ठेवून हुंगलं, कानाशी हलवलं, भिंगातून पुठ्ठा पाहिला. कडेवर काळपट हिरवा बारीक कपचा चिकटला होता, तो त्यांनी चिमट्याने उचलून बशीत ठेवला. सुमी टुणकन टेबलावर चढली आणि पुस्तक चाटायला लागली.

“समुद्राचा वास,” दाजी पुटपुटले. “काळा कण. आणि मांजर अस्वस्थ. शुहेई, तुझ्या लक्षात आलं का?”

“नाही बुवा, दाजी.”

“इवामीबाई खोटं बोलताहेत. त्यांनीच मारलं आणि आता पश्चात्ताप होतोय.”

हा सिद्धान्त संध्याकाळपर्यंत टिकला. बाईंनी हस्तलिखित आणून समोर आपटलं. त्यात हायाते ठणठणीत होता, पण गाव छापलेलंच खरं मानणार. तेव्हा दाजींनी प्रकाशकावर बोट ठेवलं. शहरी लोक, रडकं पुस्तक जास्त खपतं, बदलला असेल शेवट. बाईंनी तिथल्या तिथे टोक्योला फोन लावला आणि संपादकाला असं काही झापलं, की तो बिचारा फोनवरच क्षमा मागायला लागला. कशाबद्दल, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. “जिवंत आहे हो तो, बाई!” तो म्हणत होता. “इकडची मुलं नावाड्याची चित्रं काढून पाठवताहेत!”

फोन ठेवल्यावर बाई आणखी खचल्या. सगळ्या जपानात हायाते जिवंत होता, फक्त त्यांच्या स्वतःच्या बेटावर मेला होता.

दाजी मात्र खुलले. “म्हणजे या बेटावरची प्रत बनावट आहे! कोणीतरी अख्खं पुस्तक पुन्हा छापलं, फक्त एक पाणमांजर मारण्यासाठी!”

“दाजी, एवढी उठाठेव कोण करेल?”

“ज्याचं पाणमांजरांशी वैर आहे तो. ज्याचे मासे पळवले जातात तो. समुद्राचा वास! काळा कण म्हणजे छपाईची शाई! छापखाना बोटीत आहे, शुहेई.”

स्वयंपाकघरातून किकुनो म्हणाली, “अहो, जेवायला या आता. आणि ते पुस्तक मांजरीपासून लांब ठेवा.”

“किकुनो, इथे मेंदू चाललाय!”

“चालू दे. सार निवतंय.”

रविवारी वाचनालयात मुंगीला जागा नव्हती. पोरं पुढे मांडी घालून बसली होती, मोठी माणसं भिंतीला टेकली होती. इवामीबाई दाराजवळ बसल्या होत्या, पायाशी प्रवासाची पिशवी. किकुनो कोपऱ्यात शेगडीवर किटली ठेवून सगळ्यांना चहा देत होती. शुहेईच्या हातात मखमली कापडावर पुस्तक आणि बशीतला कपचा होता. दाजी आता जो तमाशा करणार होते, त्याबद्दल त्याने मनातल्या मनात बहिणीची माफी मागून ठेवली.

तोकुजिरो उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागे.

“मित्रहो, खुनी याच खोलीत आहे.”

पोरांनी एकसाथ इवामीबाईंकडे पाहिलं.

“तिकडे नाही! इकडे! गोनझो हामागुची, उठा!”

अध्यक्ष गोनझो हातातल्या चहासकट उठले. माणूस कपाटाएवढा.

“मी काय केलं?”

“पाणमांजरांनी तुमचे मासे पळवले, म्हणून तुम्ही बोटीत बनावट पुस्तक छापलंत!”

“मी?” गोनझोंचा चेहरा लालबुंद झाला. “मला घड्याळाला चावी देता येत नाही आणि मी पुस्तक छापणार? आणि पाणमांजर या समुद्रात बघितलंय कोणी? माझ्या आजोबांनीसुद्धा नाही!” मग त्यांचा आवाज उगाचच बारीक झाला. “त्या थडग्यापाशी रोज सकाळी ताजा बांगडा ठेवतो तो कोण वाटतो तुला? मी ठेवतो. बायकोपासून लपवून.”

त्यांची बायको मागच्या रांगेत होती. आता तिलाही कळलं.

“पण सकाळी तिथे मासा कधीच नसतो,” चौथीतली आयूमी म्हणाली.

शुहेईच्या मागोमाग आलेल्या सुमीने शांतपणे मिश्या पुसल्या.

एवढ्यात धक्क्यावरून बोटीचा भोंगा वाजला. इवामीबाई उठल्या. त्यांनी पिशवी उचलली, सगळ्यांना रीतीप्रमाणे कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, “मी त्याला मारलं नव्हतं. एवढं सांगायचं होतं.” त्यांचे डोळे भरून आले होते. शुहेईला वाटलं, धावत जाऊन पिशवी तरी धरावी, पण हातात बशी होती.

“ही ठेवू कुठे, ताई?” त्याने किकुनोला विचारलं.

किकुनोने बशीत पाहिलं. कपचा दोन बोटांत धरला आणि तोंडात टाकला.

“पुरावा!” तोकुजिरो किंचाळले. “हिने पुरावा खाल्ला!”

“पुरावा कसला? नोरी आहे ही, वाळवलेलं समुद्रशेवाळ. आपल्या डब्यातली, गोड सोयाची.” किकुनोने आता पुस्तक हातात घेऊन हुंगलं. “अगं बाई. इवामीकाकू, दोन मिनिटं थांबा. बोटीला थांबू दे नाहीतर जाऊ दे.”

तिने पुस्तकाची पानं अंगठ्याने फरफर सोडली. एका जागी अंगठा अडला. तिथली दोन पानं दिसायला एकच पान होती, जरा जाड एवढंच. तिने ती किटलीच्या वाफेवर धरली. भात करपला तर तळ सोडवताना धरते तसाच धीर धरून, हळूहळू, नखाने कड सोडवली. पानं सुटली. मधोमध समुद्रशेवाळाचा तो चौकोनी पापुद्रा, महिनाभराच्या पावसाळी दमट हवेत विरघळून खळीसारखा चारी कोपऱ्यांपर्यंत पसरलेला.

“घ्या. वाचा तुम्हीच,” किकुनो म्हणाली.

इवामीबाईंनी पिशवी खाली ठेवली. पुस्तक आयूमीने त्यांच्यासमोर धरलं.

“‘हायाते मेला नव्हता,’” बाई वाचू लागल्या. “‘धबधब्याच्या पोटात एक कोरडी कपार होती. तिथे बसून तो पाय झटकत होता आणि मित्रांच्या रडण्याचे आवाज ऐकून त्याला आधी आनंद झाला, मग लाज वाटली...’”

पोरांनी जो गिल्ला केला, तो धक्क्यापर्यंत गेला असेल. गोनझोंनी डोळ्यांवर टॉवेल दाबला. पोस्टातली खिडकीवाली फळ्याजवळ सरकत सरकत गेली आणि स्वतःचा अभिप्राय काढून खिशात घातला.

“आणि तो नावाडी!” गोनझो टॉवेलातून ओरडले. “तोच होता? अरे, मग लावू दे की बोट!”

बोट सुटली. पुन्हा भोंगा वाजला, पण कोणी तिकडे लक्ष दिलं नाही. बाईंनीसुद्धा नाही.

“पण पुस्तकात नोरी ठेवली कोणी?” आयूमीने विचारलं.

किकुनोने नवऱ्याकडे पाहिलं. शुहेईला कंगवा आठवला, पायमोजा आठवला, तारली आठवली. त्यानेही दाजींकडे पाहिलं. हळूहळू सगळं वाचनालय तिकडे पाहू लागलं.

“मी म्हटलंच होतं,” तोकुजिरो म्हणाले, “खुनी याच खोलीत आहे.” पण ते नेहमीच्या ऐटीत निघालं नाही. त्यांनी खुर्ची शोधली आणि बसले. “सगळ्यांच्या आधी मीच नेलं होतं पुस्तक. जेवता जेवता वाचत होतो. तो पाण्यात पडला. मी पान उलटलं, पण पुढची अक्षरंच दिसेनात. नाही, चष्मा होता. तरी दिसेनात. वाटलं, गेला. मग पुढे कशाला वाचायचं? हाताला नोरी लागली ती ठेवली आणि पुस्तक परत केलं.” त्यांनी नाक शिंकरलं. “पुढे मला वाचवलं नसतं, बाई.”

कोणी हसलं नाही. म्हणजे, लगेच हसलं नाही.

“अरे गाढवा,” इवामीबाई म्हणाल्या, पण आवाजात मायाच होती, “डोळे पुसून एक ओळ वाचायची होतीस! एक ओळ! पहिलीच!”

मग मात्र सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्याने अर्धा गाल वाढलेला तो माणूस हसला. त्याची दाढी गुरुवारपासून तशीच राहिली होती.

“आता थडग्याचं काय करायचं?” आयूमीने विचारलं.

“राहू दे,” गोनझो म्हणाले. “मांजरीला सवय झालीय.”

घरी जाताना सलूनपाशी आल्यावर दाजींनी हळूच विचारलं, “शुहेई, तो नावाडी शेवटी हसतो म्हणतात. का हसतो रे?”

“नाही बुवा, दाजी,” शुहेई सवयीने म्हणाला आणि काखेतलं पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सलून उशिरा उघडलं. वाचनालयाच्या फळ्यावर एक नवा अभिप्राय लागला होता. खाली नाव नव्हतं, पण कागदाला दाढीच्या साबणाचा वास येत होता.

‘नावाडी का हसला ते समजलं. अख्ख्या पुस्तकात एवढी एकच गोष्ट मला आधी ओळखता आली नाही. दुसरा भाग कधी?’

खाली इवामीबाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘लिहिते आहे. तोवर नोरीचा डबा किकुनोच्या ताब्यात राहू दे.’