परदेशाची रंगीत तालीम

“सर, तुमची ट्रॅव्हल स्टाइल काय आहे?” ट्रॅव्हल कंपनीतल्या मुलीने फोनवर विचारले.

“स्टाइल कसली? चालतो, दमतो, बसतो,” सावधानराव म्हणाले.

“तसं नाही सर. आम्ही ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे परदेशाची सहल आखून देतो. कुणाला साहस हवं असतं, कुणाला आराम, कुणाला नुसतं खायचं असतं. तुम्ही आणि मॅडम कशात बसता?”

“विचारून सांगतो.”

“रविवारी संध्याकाळपर्यंत सांगा हं. नंतर जागा राहणार नाहीत.”

जागा राहणार नाहीत हे ऐकून सावधानरावांना त्या दिवशी पहिल्यांदा जरा बरे वाटले.

सावधानराव हे त्यांचे खरे नाव नव्हे. ते रंगाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते आणि कामगारांनी, प्रेमाने म्हणा की सूड म्हणून म्हणा, हे नाव त्यांना चिकटवले होते. नाटकाला गेले तरी पडदा वर जायच्या आत, आग लागलीच तर कुठून पळायचे, हे ते हेरून ठेवत; आणि शेवटपर्यंत आग न लागल्यामुळे थोडे हिरमुसून घरी येत. असा माणूस परदेशाचे नुसते नाव निघाले तरी धोक्यांची यादी करू लागे. अनोळखी नळ, सरकते जिने, कुठल्या बाजूला उघडतील याचा भरवसा नसलेली दारे! पण बायकोला लग्न झाल्यापासून परदेश दाखवायचे कबूल केले होते आणि आता सबबींचा साठा पार संपला होता. नाही म्हणायची हिंमत नव्हती, हो म्हणायची छाती नव्हती. तेव्हा त्यांनी कारखान्यात करतात तेच घरी केले. मॉक ड्रिल ठरवली.

“रविवारी घरातच परदेश करू,” ते बायकोला म्हणाले. “जिन्यातला पॅसेज म्हणजे विमान. आपलं पुढचं दार म्हणजे परदेशाची सरहद्द. बेडरूम हॉटेल, गॅलरी समुद्रकिनारा. एक दिवस तसं राहून बघू, म्हणजे आपली स्टाइल आपोआप कळेल. आधी तालीम, मग प्रयोग.”

“चालेल,” बायको म्हणाली. “नाहीतरी तुमच्याबरोबर याहून लांब जाणं होईलसं वाटत नाही मला.”

टोमणा होता, पण सावधानरावांनी तो कानाआड केला. त्यांचा बेत पक्का होता. शनिवारीच त्यांनी गरम पाण्याचा कॉक बंद करून ठेवला आणि हॉटेलच्या गादीखाली इस्त्रीचा बोर्ड सरकवला. बायको दुपारपर्यंत वैतागणार, ‘नको तो परदेश, आपलं घरच बरं’ म्हणणार, आणि मग आपण जड अंतःकरणाने त्या मुलीला फोन करणार. सगळे कसे अगदी ठरल्यासारखे होणार होते.

अडले ते सरहद्दीवर. पासपोर्ट तपासायला माणूस हवा होता आणि सावधानरावांना सासरे आठवले.

सासऱ्यांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या खिडकीमागे गेली होती. त्या खिडकीतून कुणाचे काम पहिल्या खेपेला झाले, असे कुणी ऐकलेले नव्हते. निवृत्त होऊन ते लेकीकडे राहायला आले आणि खिडकीवाचून सुकत चालले. जेवणात लक्ष नाही, बोलण्यात राम नाही. जावयाने पुढच्या जाळीच्या दारामागे टेबल मांडून “बाबा, इथं बसून जरा पासपोर्ट बघाल का?” म्हटल्यावर मात्र त्यांचे डोळे लकाकले. त्यांनी टेबल थोडे तिरके केले, खुर्चीवर उशी घेतली, कपाटातून कसलासा जुना शिक्का शोधून काढला आणि जाळीच्या दाराला आतून कुलूप घालून किल्ली बंडीच्या खिशात टाकली.

“कुलूप कशाला, बाबा?”

“सरहद्द आहे ना? मग उघडी कशी ठेवणार?”

हे सेफ्टी ऑफिसरला पटले. वेळप्रसंगी दार किती लवकर उघडते, हे विचारायचे मात्र राहून गेले.

रविवारी सकाळी नवराबायको जिन्यात खुर्च्या टाकून विमानात बसली. सुरक्षा तपासणी म्हणून सावधानरावांनी स्वतःचा मोबाइल एका ताटलीत ठेवून जाळीखालून आत सरकवला. नियम म्हणजे नियम. विमान उतरल्यावर बायको पुढे गेली.

“येण्याचं कारण?” सासऱ्यांनी मान वर न करता विचारले.

“आराम.”

“परत कधी जाणार?”

“सहल संपली की.”

धाड्‌कन शिक्का बसला. कुलूप उघडले, बायको आत गेली, कुलूप लागले. सावधानराव हसतमुखाने पुढे झाले.

“येण्याचं कारण?”

“ड्रिल चालू आहे, बाबा.”

“खिडकीवर बाबा-बिबा चालत नाही. आत राहणार कुठं?”

“इथंच. माझंच घर आहे.”

सासऱ्यांनी आता मान वर केली. “परत कधी जाणार?”

सावधानरावांना खोटे बोलता येत नसे. “परत कुठं जाणार? मी इथंच राहतो की!”

“म्हणजे कायमचा मुक्काम ठोकायचा इरादा आहे,” सासरे समाधानाने म्हणाले. “नामंजूर.”

आधी सावधानराव हसले. मग त्यांनी समजावले. मग पाकिटातून विजेचे बिल काढून जाळीतून आत दिले. “हे बघा. माझं नाव, हाच पत्ता.”

सासऱ्यांनी बिल उलटसुलट करून पाहिले. “बाहेरच्या देशातला माणूस तुम्ही, आणि आमच्याकडे तुमच्या नावावर मीटर? हे तर वर कळवावं लागेल.” आणि बिल ड्रॉवरमध्ये गेले.

“अहो, तुमच्या मुलीला विचारा ना, मी कोण ते!”

साक्षीसाठी बायकोला बोलावणे गेले. ती गॅलरीतून आली, पाय ओले, हातात मासिक. जाळीतून तिने नवऱ्याकडे बराच वेळ निरखून पाहिले.

“ओळखता यांना?” सासऱ्यांनी विचारले.

“पाहिल्यासारखे वाटतात,” ती म्हणाली. “पण मी इथं सहलीला आलेय. उगाच कुणाच्या भानगडीत कशाला पडू?” आणि ती परत समुद्रावर गेली.

तेवढ्यात प्लंबर आला. बायकोने त्याला कधीपासून बोलावले होते आणि त्याने नेमका हाच मुहूर्त साधला.

“येण्याचं कारण?”

“नळ.”

“परत कधी जाणार?”

“अर्ध्या तासात. पुढं दुसरं काम आहे.”

“शाब्बास! असं पाहिजे बोलणं,” म्हणत सासऱ्यांनी शिक्का मारला. आपल्या घरात जाणाऱ्या प्लंबरची पाठ सावधानराव जाळीला नाक लावून पाहत राहिले. थोड्या वेळाने आतून बायकोचा आनंदी आवाज आला, “अगंबाई, गरम पाणी आलं!” प्लंबरने गळक्या नळाबरोबर बंद कॉकचाही निकाल लावला होता. एवढ्यावर न थांबता तो गॅलरीत बसून चहा प्याला, तोही सावधानरावांच्या खुर्चीवर. इस्त्रीच्या बोर्डाचे काय झाले, हे विचारायची सोय नव्हती. पण “महिनाभर पाठ धरली होती, या कडक गादीवर कशी मोकळी झाली!” हे वाक्य ऐकू आले आणि त्यांनी पायरीवर बसकण मारली.

आता जिन्यात खुर्च्या, खुर्च्यांपुढे बंद दार आणि दारामागे शिक्का घेऊन बसलेला माणूस, एवढे जमल्यावर रांग लागायला कितीसा वेळ? वरच्या मजल्यावरच्या काकू खाली उतरता उतरता थांबल्या.

“कसली लाइन आहे हो?”

“लाइन नाही, काकू. मला माझ्या घरात जायचंय.”

“म्हणजे घरांची यादी अजून लागली नाही वाटतं,” म्हणून काकू मागे उभ्या राहिल्या. काकू उभ्या आहेत म्हणून आणखी दोघे उभे राहिले. दुपारपर्यंत रांग तळमजल्यावर पोचली आणि मधेच कुणी घुसल्यावरून दोनदा भांडणही झाले.

भांडणाचा आवाज ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी तणतणत वर आले. “साहेब, जिना हा आपत्कालीन मार्ग आहे, त्यात सामान ठेवू नये, ही नोटीस कुणी लावायला लावली होती?”

“मी,” सावधानराव पुटपुटले.

“मग या खुर्च्या?”

“ते विमान आहे.”

सेक्रेटरींनी त्यांच्याकडे काळजीने पाहिले. मग खालच्या आवाजात विचारले, “कागद काय काय लागतात?” आणि सासऱ्यांनी फोटो नाही म्हणून परत पाठवले, तेव्हा ते निमूटपणे फोटो आणायला गेले.

ऊन उतरले. सावधानरावांनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. प्लंबर जाताना बिस्कीट देऊ करत होता, पण मानी माणूस, त्यांनी नको म्हटले. सासरे मात्र ताजेतवाने झाले होते. कित्येक महिन्यांनी ते दोनदा वाढून घेऊन जेवले होते. माणसाला माणसात आणायला एक खिडकी पुरते, हे पाहून सावधानरावांना रागातही बरे वाटले. आणि त्याच वेळी आत त्यांचा मोबाइल वाजला.

“हॅलो,” बायकोचा आवाज आला. सावधानरावांनी जाळीला कान लावला. मागून सगळी रांग दोन पायऱ्या पुढे सरकली.

“हो, कळली ना स्टाइल. आजच कळली... नाही हो, मला नाही यायचं कुठं. घरच बरं.”

सावधानरावांचे काळीज सुपाएवढे झाले. उपाशी राहून, जिन्यात बसून का होईना, ड्रिल यशस्वी झाली होती! त्यांनी भरल्या डोळ्यांनी काकूंचा हात हातात घेतला.

“अहो, मला परदेश म्हणजे काय पाहिजे होतं, सांगू?” बायको पुढे बोलत होती. “जिथं ‘अगं, माझा टॉवेल कुठाय’ अशी हाक कुणी मारत नाही, असं ठिकाण पाहिजे होतं. आज दिवसभर एक हाक नाही. इतकी शांत मी लग्नानंतर कधी बसले नव्हते... हो, तुम्ही एकच तिकीट करा. यांचं.”

काकूंनी हळूच आपला हात सोडवून घेतला.

“आराम? छे! साहसीमध्ये घाला त्यांना. सकाळपासून जिन्यात बसलेत, अन्न नाही, पाणी नाही, पण एका शब्दानं तक्रार नाही... तंबूत? वाळवंटात? उत्तम. नळच नको, नळाचं फार मनाला लावून घेतात ते... हो, पक्कं करा.”

फोन ठेवून बायको जाळीपाशी आली. न्हालेले केस मोकळे होते आणि चेहऱ्यावर असले हसू होते, की ते लग्नातल्या फोटोत पाहिल्याचे सावधानरावांना एकदम आठवले, पण नंतर ते कुठे गेले ते आठवेना. डोक्यात संताप होता, पण त्या हसण्यापुढे त्यांच्या तोंडून ‘नाही’ बाहेर पडेना. आपल्यामुळेच ते हसू गेले असावे, असे त्यांना वाटले आणि फार वाईट वाटले.

“अगं, पण परदेशाचं वेड तर तुला होतं ना?”

“होतं की. मी आज जाऊन आले,” ती म्हणाली. “आता तुमची पाळी.”

सावधानरावांनी जाळीला कपाळ टेकले. मग त्यांनी विचारले, “किती दिवसांची आहे सहल?”

“पंधरा,” बायको म्हणाली, आणि जाळीतून बोटे घालून तिने मायेने त्यांचा गाल थोपटला. “पण आवडलं तर वाढवून मिळते म्हणाली ती. मी सांगून ठेवलंय.”