त्रेसष्टची कंबर

फुकट मिळते म्हणून मी ती डिस्क उचलली. माझा गुन्हा म्हणाल तर एवढाच. (बाकीचे जुने आहेत, ते या गोष्टीत धरू नका.)

मी टेलिफोनचा लाइनमन. बत्तीस वर्षं खांबावर काढली. खांबावर चढायला अक्षरं लागत नाहीत, म्हणून सही आणि आकडे यापुढे मी शिकलोच नाही. रिटायर झाल्यावर कचेरीचं भंगार निघालं, तेव्हा जुना ऑपरेटर म्हणाला, "ही कॉम्प्युटरची डिस्क ने. आपल्या वेळची सगळी गाणी भरून देतो." मी नेली.

घरात कॉम्प्युटर होता, तो हिचा. ही चाळीस वर्षं शिवणकाम करते. गिऱ्हाइकांच्या मापांची जाडजूड वही होती, तिची पानं गळायला लागली. मग जावयानं आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्यातली सिस्टिमसुद्धा फुकटातली. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कोणीही उघडून बघावी, सुधारावी. हिनं एका बोटानं अख्खी वही त्यात उतरवली. तीन महिने लागले. तेवढ्यात मी दोनदा आजारी पडून बरा झालो.

तर ती गाण्यांची डिस्क मी त्या डब्यात स्वतःच जोडली. हजार वायरी जोडलेला माणूस, वायरींची चपटी पट्टी खोचायला काय लागतं? लागली की हो! गाणं सुरू झालं. ही मापं टाइप करते आहे, मागे गाणं चाललंय. मला एकदम आमची पहिली खोली आठवली. तेव्हा रेडिओ असाच चालायचा, हिचं पायमशीन त्याच्या ठेक्यावर पळायचं. ही टेप लावून माप ओरडायची आणि मी पेन्सिल चाटून वहीत लिहायचो. गिऱ्हाईक गेलं की दोघं त्याच्या पोटावर हसायचो.

पंधरा दिवसांनी डॉक्टर आले. ठेंगणे आहेत बिचारे. नवी पँट दोन्ही हातांनी वर धरून दारात उभे.

"वहिनी, ही एकट्याचीच ना?"

पँट निघाली पोस्टमनच्या मापाची. पोस्टमन म्हणजे आमच्या खांबाएवढा.

डॉक्टर गेल्यावर ही वळली. "अहो! काय केलंत?"

"मी? काही नाही."

"टेप आणा इकडे."

तिनं टेप पहिल्या इंचापासून तपासली. (लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी टेपचे पहिले दोन इंच कापून ठेवले होते. वहीतली मापं जुनी, टेप आखूड; महिनाभर आख्ख्या गल्लीला कपडे घट्ट झाले. लोकांना वाटलं सुबत्ता आली.)

"टेप ठीक आहे. म्हणजे कॉम्प्युटरला हात लावलात."

"तुझी शपथ, नाही!"

"माझी नको. स्वतःची घ्या."

तिच्या शिव्यांचं मला काही वाटत नाही. त्या खाल्ल्या की उलट भूक लागते. पण पुढच्या आठवड्यात मास्तरीणबाईंचा कोट शिवायला आला. बाई शाळेतून रिटायर होणार, शनिवारी निरोपाचा समारंभ. त्यांचा पहिला कोट हिनंच शिवला होता, शेवटचाही हिनंच शिवायचा. हिनं माप उघडलं, तर बाही अकरा इंच! मला शिवी नाही, काही नाही.

"मीच चुकीचं टाइप केलं असणार," म्हणाली. "डोकं चालत नाही आता. एवढा कोट झाला की मशीन देऊन टाकते."

आता मात्र माझी पाचावर धारण बसली. ही मला बोलली तर संसार चालू आहे असं समजायचं. स्वतःलाच बोलायला लागली म्हणजे खांबच कलला. मी जावयाला फोन लावला.

जावई आला. हा माणूस दिवसाला मोजून दहा शब्द बोलतो. डबा उघडला, माझी डिस्क बघितली, माझ्याकडे बघितलं.

"बाबा, आई टाइप करतात तेव्हा गाणी चालू असतात?"

"म्हणजे काय! त्याशिवाय मजा काय?"

"मग हा गुन्हेगार," म्हणून त्यानं नखाएवढा काळा चौकोन दाखवला. "कंट्रोलर. मापांची डिस्क, गाण्यांची डिस्क, दोघींचं बोलणं याच्यामधून जातं. एका वेळी एक असली तर ठीक. दोघी एकदम बोलल्या की याचं त्याला, त्याचं याला. वर सांगतो, सगळं ठीक आहे. कारखान्यातूनच असा आलाय."

"क्रॉस कनेक्शन!" मी उडालोच. "बघ! बघ गं! तू नाहीस, मी नाही, हा!"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी निर्दोष सुटलो होतो. मला तर कागदावर लिहून हवं होतं.

"बदलून टाका मग," ही म्हणाली. आवाजात जरा जीव आला होता.

"मिळत नाही आता. पण कुणीतरी आधीच ठेच खाऊन लिहून ठेवलंय. या चिपवर विश्वास ठेवू नका, एका वेळी एकाशीच बोलू द्या. सिस्टिमला तेवढं सांगितलं की झालं." (दहा शब्दांचा कोटा कधीच संपला होता.)

त्यानं एक ओळ लिहिली. मग गाण्यांची डिस्क बसण्याआधी त्यानंच काढून ठेवलेली मापांची नक्कल परत भरली. गाणं लावून तपासलं. डॉक्टर ठेंगणे झाले, पोस्टमन उंच झाला. मास्तरीणबाईंची बाही बावीस. कंबर त्रेसष्ट.

"त्रेसष्ट?" मी ओरडलो. "अजून बिघडलाय! बाई आहेत की पाण्याची टाकी?"

जावयानं गुपचूप जुनी वही काढली. पान उलटलं. तिथेही त्रेसष्ट. पेन्सिल चाटून, ठसठशीत.

"बाबा, हे अक्षर..."

ही हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो, तुमचा तीन आणि सहा पहिल्यापासून उलटा पडतो. त्रेसष्ट दिसलं की मी छत्तीस धरते. टाइप करतानाही तसंच ठेवलं. तुमच्या हातचं आहे ना."

"चाळीस वर्षं? आणि मला बोलली नाहीस?"

"बोलून सुधारला असतात? बदलूनही मिळत नव्हता."

जावई मान खाली घालून स्क्रू पिळत होता. खांदे हलत होते.

मी म्हटलं, हरकत नाही. लोकांच्या घरात छत्तीसचा आकडा असतो, आकडे पाठ फिरवून बसतात. आपल्या घरात मी त्रेसष्ट केले, समोरासमोर बसवले! वाक्य झकास होतं. ही नुसती "हं" म्हणाली.

शनिवारी मास्तरीणबाईंना कोट असा बसला की बाई हिच्या गळ्यात पडल्या. मशीन देण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. उलट रविवारी हिनं माझ्यासाठी नवा शर्ट शिवून ठेवला. मी विरघळलो. घातला, तर आत मी कुठे आहे तेच सापडेना.

"अगं, हे काय?"

"छाती त्रेसष्ट," ही वही पुढे करत म्हणाली. "तुम्हीच लिहिलंय. आज म्हटलं, विश्वास ठेवून बघू."