साहेबांचा मनोरा

वस्तू वापरली की खराब होते. म्हणून ती न वापरणं हीच तिची सर्वोत्तम देखभाल होय. या तत्त्वावर बीड शहरातल्या गहिनीनाथांचा संसार उभा होता. फ्रीजच्या दारावरचं प्लास्टिक अजून शाबूत होतं आणि काचेच्या कपाटातल्या कपांना चहा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

अशा सुसंस्कृत घरात लेक चैतालीनं पुण्याहून आपला बोका आणून सोडला. बदलीमुळे तिला परगावी जावं लागणार होतं. बोक्याचं नाव साहेब. (गहिनीनाथ सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. साहेबाविना त्यांना करमत नव्हतंच.) सोबत साहेबांसाठी खास तिमजली मनोरा होता. खांबांना सुतळी गुंडाळलेली, वर मऊ कापडाची गादी.

"इथं रमला तर कायमचा तुमचा," चैताली म्हणाली. "न्हाई रमला तर मैत्रिणीला देऊन टाकीन. मनोरा अधूनमधून झटका, स्क्रू आवळा. पण लई धुऊ नका, बाबा. त्याला त्याचाच वास लागतो."

गहिनीनाथांनी सगळं ऐकलं आणि त्यातलं 'झटका' तेवढं अमलात आणलं.

साहेब पहिल्याच दिवशी त्यांच्या पोटावर झोपला. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एवढ्या विश्वासानं कुणी आलं नव्हतं. त्यांचा जीव जडला, आणि ज्यावर जीव जडतो ते जपलंच पाहिजे म्हणून देखभालीनं वेग घेतला. नळाला पाणी आलं की आधी मनोरा धुतला जाई, मग माणसांची पाळी. पाहणीअंती असं आढळलं, की गादीवरच्या दर शंभर केसांपैकी नव्व्याण्णव साहेबांचे असून एक गहिनीनाथांचा आहे. (तो जपून ठेवावा असं त्यांना क्षणभर वाटलं.) मनोऱ्यावर चढण्यापूर्वी साहेबांचे पाय पुसणं बंधनकारक झालं. नखं लावण्यास मनाई झाली. सुतळीचे धागे निघतात म्हणून खांबांना जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधल्या, पट्ट्या मळतात म्हणून त्यावर मेणकापड आलं, आणि सगळ्यावर शेवटी फिनेलचा हात फिरला.

साहेब एकदा वर चढले, मेणकापडावरून घसरले, शिंकले, आणि खिडकीतून निघून गेले.

ते सापडले शेजारच्या बंकट रिक्षावाल्याच्या बाजेवर. बाजेची दोरी लोंबत होती, गोधडीतून चिंध्या डोकावत होत्या. साहेब मन लावून त्या चिंध्या ओढत होते.

"म्या न्हाई आणलं त्येला, काका," बंकट म्हणाला. "तेच येतंय. तुमी बी बसा की."

गहिनीनाथ बसले. साहेब मांडीवर आला. त्या दिवसापासून गहिनीनाथ रोज संध्याकाळी बाजेवर जाऊ लागले. घरी बायनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, सरळ विचारलं, "ते मेणकापड काढत कावून न्हाईत तुमी?"

"अन् पाव्हणं आले म्हंजे?" गहिनीनाथ म्हणाले. या प्रश्नाला आजवर कुठल्याही बायकोला उत्तर सापडलेलं नाही.

चैताली रविवारी पाहणीला आली. मनोरा लखलखत होता, घरात एक केस नव्हता. (वडीलही नव्हते.) तिनं दोघांना बाजेवर शोधून काढलं. साहेब घोरत होता आणि गहिनीनाथ पाय हलू नये म्हणून अवघडून बसले होते.

चैताली बंकटकडे वळली. मग म्हणाली, "बंकटदादा, हा तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

साहेब गेला होता, आणि गेला होता तो भिंतीपलीकडे, म्हणजे रोज दिसणार होता. "आन मनोरा?" गहिनीनाथांनी कसंबसं विचारलं.

"तो ठेवा तुमच्याकडं. तुमाला त्योच आवडतो."

मनोरा आजही बैठकीत उभा आहे. त्याची प्रकृती उत्तम आहे.

वाचकहो, तुमची बैठकही अशीच नीटनेटकी असेल. मागच्या आठवड्यात जे पाहुणे सोफ्याच्या कडेला टेकून, 'घाईत आहे, पुन्हा येतो' म्हणत उठले, ते तिथून निघून खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे दोन तास बसले होते. तिथं चहा फुटक्या कपात मिळाला. त्यांनी दोनदा घेतला.