वळणावर मुकं होणारं यंत्र

या शहरातल्या खाजगी गुप्तहेरांची यादी कुणी केली, तर माझं नाव सगळ्यात वर येईल. सगळ्यात खालीही तेच येईल, कारण यादीत दुसरं कुणी नाही. नजर अशी तीक्ष्ण, की समोरच्याचे बूट बघून तो कुठून आला ते मी सांगतो. तो नंतर दुसरंच काहीतरी सांगतो, पण लोक खोटं बोलतात हे धंद्यात गृहीत धरावं लागतं. उंची सहा फुटांच्या वर. लपून पाठलाग करताना ही उंची आडवी येते, पण आता कापून कुठे ठेवणार. बुद्धीबद्दल मी स्वतः बोलणं बरं दिसत नाही. दुसरं कुणी बोलेल म्हणून बरीच वर्षं वाट बघतो आहे.

माझी कचेरी थोरल्या बहिणीच्या दवाखान्यामागच्या खोलीत आहे. ताई जनावरांची डॉक्टर. खोलीत माझं टेबल, दोन खुर्च्या, कुत्र्यांच्या खाद्याची पोती आणि एक मोठा वजनकाटा आहे. दाराशी माझी पाटी आहे, पण ती दवाखान्याच्या पाटीखाली असल्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या हातात मांजर असतं. मी त्यांना पुढच्या दाराने जायला सांगतो. मांजर आजारी आहे हे मात्र मी आधीच ओळखलेलं असतं.

त्या दिवशी ताई बाहेरच्या कामावरून परत आली आणि गाडीतून उतरलीच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती समोर बघत बसली. मी काचेवर टकटक केली.

"टायर पंक्चर झालं ना? तुझ्या चेहऱ्यावरून कळलं."

"वासरू गेलं," ती म्हणाली.

टेकडीपलीकडच्या एका गोठ्यातून फोन आला होता. गाय अडली होती. ताई लगेच निघाली, पण टेकडी ओलांडली की फोनची रेंज जाते, आणि तिकडे सगळे कच्चे रस्ते एकसारखे. ती दोनदा चुकली. पोचली तेव्हा उशीर झाला होता. गाय कशीबशी वाचली.

"गोठेवाल्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत," ती म्हणाली. "हात धुवायला गरम पाणी दिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी ताईला लहानपणापासून ओळखतो. ती रडत नाही, ती भांडी घासते. त्या संध्याकाळी तिने घासलेली भांडी पुन्हा घासली. मग ओले हात पुसत म्हणाली, "फोनवर अवलंबून नाही राहायचं आता. नकाशा आतच साठवलेला असतो ना, तसला जीपीएस घेऊ. काचेला चिकटवता येईल असा, म्हणजे माझ्या गाडीतून काढून दवाखान्याच्या गाडीतही लावता येईल. मला दुकानं फिरायला वेळ नाही. तू तसा रिकामाच आहेस."

"मी तपासात आहे."

"कसल्या?"

या प्रश्नाचं उत्तर देणं व्यवसायाच्या नियमात बसत नाही. मी काम स्वीकारलं.

दुकानदार ताईच्या ओळखीचा निघाला. त्याच्या कुत्र्याचा पाय तिनेच बसवला होता. त्याने काउंटरवर तीन यंत्रं मांडली. एकाचा पडदा चांगला मोठा, दुसरं रस्त्यांची नावंसुद्धा बोलून दाखवणारं, तिसरं लहान, साधं, जाड कडांचं. मी तिघांना मनातल्या मनात थोरलं, मधलं आणि धाकटं अशी नावं दिली आणि चौकशी सुरू केली.

"हे थोरलं याआधी कुठे कामाला होतं?"

"नवीन आहे, साहेब. सील आत्ताच फोडलं."

"म्हणजे अनुभव शून्य."

दुकानदार डोकं खाजवत म्हणाला, "लोक साधारण विचारतात की उन्हात पडदा दिसतो का, नवे रस्ते झाले की नकाशा बदलून मिळतो का."

"ते लोक सामान्य असतात. मला एवढंच सांगा, आम्हाला वाट दाखवणारं यंत्र हवं आहे, वाट लावणारं नको. यातलं प्रामाणिक कुठलं?"

त्याने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग तिन्ही यंत्रं पिशवीत घालून म्हणाला, "डॉक्टरबाईंसाठी आहे म्हणून देतो. तिन्ही वापरून बघा. पटेल ते ठेवा, बाकीची परत आणा."

दुसऱ्या दिवसापासून ताईच्या प्रत्येक फेरीला मी शेजारच्या सीटवर बसू लागलो. यंत्राची परीक्षा घ्यायची तर परीक्षक गाडीत हवा. ताई म्हणाली, मी एकटीने बघते. मी म्हणालो, साक्षीदाराशिवाय पुराव्याला किंमत नसते. तिने गाडी सुरू केली, ती जरा जोरातच.

पहिली पाळी थोरल्याची. शहरातून ते ऐटीत बाहेर पडलं. पाण्याच्या टाकीपाशी मोठं वळण आलं आणि पडदा एकदम काळा. त्याआधी त्यावर बारीक अक्षरांत काहीतरी उमटलं होतं.

"काय आलं होतं रे त्यावर?" ताईने विचारलं. तिची नजर रस्त्यावर होती.

"सबब," मी म्हणालो. गुन्हेगाराने स्वतःहून दिलेला जबाब मी वाचत नाही. मन कलुषित होतं.

मी ते दुकानात नेलं. दुकानदाराने ते तिथल्या वायरीला जोडलं, तर शहाण्या मुलासारखं सुरू. मी ओळखलं, हे धन्यासमोर नाटक करतं आहे. दुसऱ्या दिवशी मधलं लावलं. त्यातली बाई फारच गोड बोलायची. "पुढे वळणावर," असं म्हणाली आणि वाक्य अर्धवट सोडून तीही गप्प झाली. एखादी बाई वाक्य अर्धवट सोडते तेव्हा तिसरं कुणीतरी खोलीत आलेलं असतं, हे मी अनुभवाने सांगतो. मी मागे वळून बघितलं. आमच्या मागे एक पांढरी गाडी होती. ती कालही होती.

ती गाडी दुसऱ्या डॉक्टरांची. आमच्या भागात जनावरांचे डॉक्टर दोनच, एक ताई आणि एक हे. मिशी भरघोस, बोलणं कमी. गाडीच्या टपावर एक उंच, बारीक, हलणारी काडी. रेडिओची असते तशी. पण मी विचार केला, रेडिओला एवढी उंच काडी कशाला? हा माणूस आकाशातून येणारे संदेश अडवतो आहे. ताई वाट चुकली, की गिऱ्हाईक याच्याकडे. हेतू मिळाला, साधन मिळालं, मिशी तर होतीच.

"तू वेडा आहेस का?" ताई म्हणाली. "त्यांनी मला स्वतःची गिऱ्हाइकं दिली आहेत."

"विश्वास संपादन करायला."

"अरे, ती यंत्रं उपग्रहांवर चालतात. तू फक्त पूर्वग्रहांवर चालतोस."

घरातल्या माणसांना आपली किंमत नसते. मी एकट्याने पाठलाग करायचं ठरवलं. स्कूटर काढली आणि पांढऱ्या गाडीच्या मागे लागलो. टेकडी ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग गाडी एका धुळीच्या ढगात शिरली, आणि धूळ बसली तेव्हा समोर फक्त एक बकरी होती. मी बराच वेळ इकडून तिकडे फिरलो. शेवटी तीच पांढरी गाडी माझ्याशेजारी येऊन थांबली आणि काच खाली झाली.

"चुकलात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. सहज आलो होतो."

"मी शहरातच चाललोय. या माझ्या मागून."

अशा रीतीने ज्याचा पाठलाग करायचा होता, त्याच्याच मागून मी घरी आलो. बारकाईने बघितलं तर हाही पाठलागच झाला. वळणावर ते माझ्यासाठी थांबत होते, हे मात्र मी संशयास्पद म्हणून मनात ठेवलं.

आणि मग तो फोन आला. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. त्याच गोठेवाल्या बाई, त्यांची दुसरी गाय. वासराचं एक पाऊल बाहेर दिसत होतं, दुसरं नाही. ताईचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं त्या बाई पुन्हा कधी फोन करणार नाहीत. ताईलाही तसंच वाटत असावं. तिने बॅग भरली, मग थांबली आणि दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावला. वासरू आत वाकडं असेल तर ते फिरवायला आणखी एक अनुभवी हात हवा होता. त्यांची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून आम्ही त्यांना घरून उचललं. ते रबरी बूट घालून मागच्या सीटवर बसले. मी माझ्या जागेवर, ताईशेजारी. काचेवर या वेळी धाकटं होतं.

टेकडी ओलांडली. फोनची रेंज गेली. धाकटं मात्र शांतपणे रस्ता सांगत होतं. मला त्याचं कौतुक वाटायला लागलं, तेवढ्यात पूल ओलांडून गाडी वळली आणि त्याने डोळे मिटले. समोर तीन कच्चे रस्ते फुटले होते. ताईने ब्रेक लावला.

"कुठला होता?" ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "मागच्या वेळी मी इथेच चुकले होते."

डॉक्टर पुढे वाकून म्हणाले, "पुलाच्या या बाजूला मी कधी आलो नाही हो."

माझ्या मते आरोप ठेवण्याची हीच वेळ होती. मी सीटवर मागे वळलो. "डॉक्टर, खिशात जे काही असेल ते बाहेर काढा."

ताईने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी मात्र मुकाट्याने खिसे रिकामे केले. रबरी हातमोज्यांची एक जोडी, चष्म्याचं घर, लिमलेटच्या गोळ्या. त्यातली एक त्यांनी मला देऊ केली.

"दुसऱ्या खिशात?"

"रुमाल आहे. बरं, एक विचारू का? तुम्ही जरा पाय बाजूला घेता?"

"माझ्या पायांचा इथे काय संबंध?"

"गुडघा, गुडघा. गिअरच्या पुढे ते सिगारेट पेटवायचं सॉकेट आहे ना, यंत्राची वायर त्यात खोचली आहे. गाडी वळली, की तुमचा गुडघा त्यावर जातो. मगाशी टाकीपाशी थोडक्यात वाचलं. आता पुलावर पिन उपटली गेली. पडद्यावर तसं लिहूनही आलं होतं."

ते पुढे झुकले, माझा गुडघा डबीचं झाकण सरकवावं तसा हलकेच सरकवला आणि वायर दाबून बसवली. धाकटं जागं झालं. थोडा विचार करून म्हणालं, "मधला रस्ता घ्या."

ताईने एकदा माझ्या गुडघ्याकडे बघितलं. तिने गाडी मधल्या रस्त्यावर घातली. ती बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे एक उत्तर तयारही होतं, की सगळी यंत्रं निर्दोष आहेत असं मला पहिल्यापासूनच वाटत होतं. पण तिच्या हनुवटीकडे बघून मी ते गिळलं. लिमलेटची गोळीही तेवढ्यात घेतली होती, तीही त्याबरोबर गेली.

गोठ्याच्या दारात बाई उभ्या होत्या. पुढचं मी सगळं बघितलं असं म्हणणार नाही, कारण बराच वेळ मी भिंतीकडे बघत होतो. मला शेपूट धरायला सांगितलं होतं. गाय कण्हत होती, ताई खांद्यापर्यंत हात आत घालून गुडघ्यांवर बसली होती, आणि डॉक्टर तिच्याशी अगदी हळू बोलत होते, "घाई नको. मिळेल. खाली बघा, पाऊल दुमडलंय." ताईच्या कपाळावरून घाम नाकावर आला, तो बाईंनी आपल्या पदराने पुसला. मग ताई म्हणाली, "मिळालं," आणि दोघांनी मिळून ओढलं.

ते पडलं तेव्हा हललं नाही. डॉक्टरांनी नाकातोंड साफ केलं, ताईने गवताच्या मुठीने अंग खसाखसा चोळलं. मी शेपूट सोडायला विसरलो होतो. मग वासराने एक ओली, चिडकी शिंक दिली. बाई मटकन खाली बसल्या. ताई उठली, बाहेर गेली आणि तिथे पडलेल्या दोन बादल्या नळाखाली धरून घासायला लागली.

मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. काहीतरी चांगलं बोलावं असं वाटत होतं, पण मला फक्त निष्कर्ष बोलता येतात.

"तिघांपैकी कुठलं ठेवायचं?" मी विचारलं.

"धाकटं. ओल्या हातानेही चालतं, आणि कडा जाड आहेत, पडलं तरी फुटणार नाही." तिने बादली पालथी घातली. "हे तुला दुकानात विचारता आलं असतं."

"दुकानदारही असंच काहीतरी सुचवत होता," मी कबूल केलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ती सुनावणार. पण तिने ओल्या हाताने माझ्या शर्टाला चिकटलेलं गवत झटकलं आणि म्हणाली, "मागे बस."

परतीला मी मागच्या सीटवर होतो. ती सीट माझ्या उंचीच्या माणसासाठी केलेली नाही. गुडघे हनुवटीला टेकले होते आणि हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. पुढे ताई आणि डॉक्टर गप्पा मारत होते. पुढच्या वेळी वासरू अडलं तर एकमेकांना आधीच कळवायचं, असं काहीतरी ठरत होतं. डॉक्टर म्हणाले, त्यांनाही असंच एक यंत्र घ्यायचं आहे. मी घसा साफ केला. ते मागे न वळताच म्हणाले, "मी दुकानात जाईन हो. तुम्ही त्रास घेऊ नका."

टेकडी चढण्याआधी एक फाटा आला. धाकटं म्हणालं, सरळ जा. मला तो भाग बघितल्यासारखा वाटला. ती बकरीही तिथेच कुठेतरी भेटली होती.

"डावीकडून घे," मी मागून म्हणालो. "जवळ पडेल. माझ्या अंदाजाने..."

ताईने हात पुढे केला आणि यंत्राचा आवाज वाढवला.